पाखरू पडलं की बाहेर

डोमाजी पौनीकर पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा उंबऱ्यावरच थांबले, नाकाने दोनदा हवा ओढली आणि माझ्या आईला विचारलं, "सिगडी कुठं हाये बाई?"

डिसेंबरातली सकाळ होती. आई खोलीत पेटती सिगडी घेऊन, दार-खिडकी लावून तांदूळ निवडत बसली होती. आलेला माणूस पाणी मागतो, फार तर खुर्ची मागतो. हा सिगडी मागतो म्हणजे चांगलाच गारठलेला दिसतो, असं समजून तिने ती पायाने पुढे सरकवली. डोमाजींनी ती दोन्ही हातांनी उचलली, अंगणात नेऊन ठेवली, परत येऊन खिडकीच्या दोन्ही फळ्या सताड उघडल्या आणि मग म्हणाले, "आता बसतो."

ते गेल्यावर आईने विचारलं, "हा माणूस तुझ्या हाताखाली आहे की तू त्याच्या?"

कागदोपत्री ते माझ्या हाताखाली होते. सत्तरच्या आसपासची गोष्ट. मी पाटबंधारे खात्यात नवा ओव्हरसियर होतो आणि रामटेककडच्या एका जुन्या तलावात गाळ किती साचला ते मोजायचं काम माझ्याकडे होतं. त्यासाठी खात्याने एक लाकडी लाँच दिली होती. तिला जुन्या जीपचं पेट्रोल इंजिन बसवलेलं, वर फळ्यांची केबिन, पुढे चाकाजवळ काचेच्या झडपा, मागे एक दार आणि त्या दाराच्या खाली, पाण्याला टेकलेला, धूर सोडणारा पाईप. या लाँचचे चालक डोमाजी. खलाशी भाऊराव, तो तिथलाच, मनसरकडचा. तो शिशाचा गोळा बांधलेली दोरी पाण्यात सोडायचा आणि आकडा ओरडायचा, मी तो वहीत लिहायचो. दिवसभर एवढंच.

डोमाजी मूळचे उमरेडचे. घरात हातमाग, बापजाद्यांपासून लुगडी विणणारी माणसं. पण तरुणपणीच माग सोडून ते चांद्याकडच्या एका कोळसा खाणीत गेले होते आणि पंधरा-सोळा वर्षांनी तिथूनही बाहेर पडले. का, ते सांगत नसत. पन्नाशीला टेकलेला सडपातळ माणूस, टोपी तिरपी, आणि डोळे असे की आपण खरं बोललो तरी आपल्यालाच शंका यावी. हात मात्र विणकराचे होते. तुटलेली दोरी ते बोलता बोलता एका हाताने जोडत आणि ती गाठ भाऊरावाला दातांनीही सुटत नसे.

दर सोमवारी ते उमरेडहून एसटीने नागपूरला आणि तिथून रामटेकला येत. येत ते पांढरे होऊन. भुवया, मिशा, टोपी, सगळ्यावर धुळीचा थर. मी एकदा विचारलं, "डोमाजी, पुढे जागा मिळत नाही का?"

"भेटते ना. पर मी म्हागंच बसतो. शेवटच्या बाकावर."

"का?"

"थे दार राह्यते ना तिथं. संकटकाळी बाहेर पडाचा मार्ग." एसटीच्या मागच्या दारावरची पाटी त्यांनी एखाद्या अभंगासारखी म्हणून दाखवली. "मी थे दार थोडं खुलंच ठेवतो. कंडक्टर बोंबलते. बोंबलू द्या."

असा माणूस. बंद खोलीत झोपणार नाही. भर थंडीत विश्रामगृहाच्या वऱ्हांड्यात घोंगडी घेऊन पडणार. डॉक्टरने गोळी दिली तर आधी गोळीकडे नाही, डॉक्टरच्या तोंडाकडे पाहणार. कोणी फार गोड बोललं की ते दोन पावलं मागे सरकत. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "ज्याले वास हाये त्याले भ्याचं नाई. ज्याले वास नाई त्याले भ्याचं." हे ते हवेबद्दल बोलत की माणसांबद्दल, ते मला बरेच दिवस कळलं नाही. मी स्वतः काही कमी संशयी नव्हतो. त्यामुळे आमचं जमायला हवं होतं. पण दोन संशयी माणसं एकत्र आली की ती एकमेकांवरच संशय घेतात.

आणि आमच्यात संशयाला विषय होता, पाखरू.

केबिनच्या मागच्या कोपऱ्यात, दाराशेजारी, बांबूच्या कामट्यांचा एक छोटा पिंजरा टांगलेला असे. त्यात एक मुनिया, चिमणीहून लहान पाखरू. पिंजरा उंचावर नाही, बसलेल्या माणसाच्या नाकाइतक्या उंचीवर. खाणीत अशी पाखरं नेतात, हे मला ऐकून ठाऊक होतं. कार्बन मोनॉक्साइड म्हणजे बिनवासाचा, बिनरंगाचा वायू. माणसाला कळायच्या आधी त्या चिमुकल्या जिवाला कळतं, ते दांडीवरून खाली पडतं आणि माणसं पळतात. पण खाण वेगळी आणि चारी बाजूंनी मोकळं पाणी वेगळं.

"इंजिन हाये ना," डोमाजी म्हणाले. "इंजिन हाये तिथं गॅस हाये."

पाखराला नाव नव्हतं. भाऊराव त्याला राणी म्हणायला लागला तेव्हा डोमाजींनी त्याला थांबवलं. "नाव नोको ठेवू गा. नाव ठेवलं का जीव लागते. जीव लागला का आपन त्याच्या वतीनं बोलाले लागतो. भूक लागली असन, ऊन लागलं असन. मंग त्याचं खरं कोण आयकन?"

लाँचवर त्यांचा कायदा एकच होता. पाखरू पडलं की बाहेर. इंजिन बंद, सगळे केबिनच्या बाहेर पुढच्या फळीवर, आणि का म्हणून विचारायचं नाही. शिवाय खबरदारी म्हणून मागचं दार ते कायम उघडं ठेवत. वाऱ्याने आपटू नये म्हणून दोरीने बांधत, त्या न सुटणाऱ्या गाठीने. "हवा खेळती पाह्यजे," म्हणत.

पहिल्यांदा पाखरू पडलं तेव्हा मी खरोखर घाबरलो. डिसेंबर होता. पुढून बोचरा वारा येत होता म्हणून आम्ही काचेच्या झडपा लावून बसलो होतो. डोमाजी चाकावरून दर दोन मिनिटांनी मान वळवून मागे पाहत. अचानक इंजिन थांबलं. "बाहेर," एवढंच ते म्हणाले. आम्ही पुढच्या फळीवर जाऊन उभे राहिलो. मागोमाग ते पिंजरा घेऊन आले. पाखरू तळाशी कलंडलेलं, चोच उघडी. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग त्याने पंख झटकले, दांडीवर चढलं आणि राळ्याचे दाणे टिपायला लागलं.

आम्ही तिघं पाण्याच्या मधोमध उभे आणि पाखरू न्याहारी करतंय. भाऊराव हसला. मीही हसलो. डोमाजी हसले नाहीत.

त्या हिवाळ्यात असं सात-आठ वेळा झालं. कधी सरळसरळ फसवाफसवी निघे. एकदा पाखरू नुसतं झोपलं होतं. एकदा वरून घार गेली म्हणून ते भिऊन तळाशी बसलं. डोमाजी ते लपवत नसत. "झोपलंच होतं," म्हणत आणि इंजिन पुन्हा सुरू करत. "धा खोटे चालते साहेब. एक खरा चुकला नाई पाह्यजे."

पण त्या दहा खोट्यांत माझा दिवस वाया जाई. मी एकदा चिडून म्हणालो, "डोमाजी, बाहेर आणलं की हे लगेच बरं कसं होतं? खरंच गॅस असता तर मेलं नसतं का?"

त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "मेल्यावरच मानाचं असन त पाखरू कायले पाह्यजे? आपनच हावो ना."

उत्तर बरोबर होतं, म्हणूनच मला ते आवडलं नाही. मी त्यांच्यावर नजर ठेवायला लागलो. भाऊरावाचं म्हणणं होतं की म्हातारा दाण्यांना अफू लावतो. "बिडी ओढाची असते साहेब त्याले. पाखरू पडलं का अर्धा घंटा सुट्टी." मी गुपचूप दाण्यांचा वास घेतला, दोन दाणे चावूनही पाहिले. काही नाही. पाखरू कधी पडतं ते वहीच्या मागच्या पानावर लिहायला लागलो. थंडीच्या दिवशी पडायचं, ऊन तापलं की नाही. लाँच चालू असताना पडायचं, नांगर टाकून बसलो असताना नाही. यावरून मी निष्कर्ष काढला की पाखराला थंडी आणि हेलकावे सोसत नाहीत. सुतावरून स्वर्ग गाठणं म्हणतात ते हेच. आम्हा तिघांचीही डोकी थंडीच्या दिवसांत दुखत, तेही मी त्याच पानावर लिहिलं होतं, आणि त्याचा दोष पाण्यावरून डोळ्यांत येणाऱ्या उन्हाला दिला होता.

मग मोठे साहेब आले. आमच्या खात्याचे साहेब, त्यांच्या पत्नी आणि पुण्याहून आलेले त्यांचे मेव्हणे. रामटेकच्या गडावर दर्शन झालं होतं, आता तलावात फेरी. केबिनमध्ये चहा, चिवडा. बाईंना वारा लागतो म्हणून झडपा बंद. मी मनात म्हणत होतो, आज नको, देवा, आज एक दिवस नको. तलावाच्या मध्यावर इंजिन थांबलं.

"बाहेर या जी सगळे," डोमाजी म्हणाले.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"पाखरू पडलं."

पुढची फळी अरुंद. चढताना बाईंची एक चप्पल पाण्यात गेली, मेव्हण्यांच्या विजारीवर चहा सांडला. सगळे दाटीवाटीने उभे राहिले, आणि सगळ्यांच्या देखत पाखराने डोळे उघडले, पंख झटकले आणि दाणे टिपायला सुरुवात केली. साहेब बराच वेळ त्याच्याकडे पाहत होते. काठाला लागल्यावर ते मला म्हणाले, "लांडगा आला रे आला चाललंय हे. किती दिवस?" मी म्हणालो, हिवाळाभर. ते म्हणाले, "तपासून पाहा. यात तथ्य असेल तर तसं लिहा. नसेल तर पक्षी आणि पौनीकर, दोघांनाही लाँचवरून उतरवा."

डोमाजी रोजंदारीवर होते. उतरवा म्हणजे घरी पाठवा. उमरेडला मागावर आता पुतण्या बसत होता, तिथे दुसऱ्या माणसाला जागा नव्हती. एका पाखरावर त्यांची भाकरी टांगलेली होती आणि ते पाखरू तपासायचं माझ्या हातात आलं.

मी तपासलं. लाँच घाटाला बांधली, झडपा लावल्या, इंजिन सुरू केलं आणि पिंजऱ्यासमोर घड्याळ घेऊन एक तास बसलो. डोमाजी काठावर उकिडवे बसले होते. त्यांनी दोनदा हाक मारली. "साहेब, बांधून काहून पाहता? चालवून पाहा ना."

मी त्यांना जवळ येऊ दिलं नाही. चाकावर ते असणार, पाखरू मागे असणार, आणि मधे काही चलाखी झाली तर? इंजिन तेच, धूर तोच, केबिन तीच. बांधली काय नि चालवली काय. एक तास पाखरू मजेत इकडून तिकडे उड्या मारत होतं.

मी अहवाल लिहिला. केबिनमध्ये विषारी वायू आढळला नाही. पक्षी अशक्त असून त्याची सूचना भरवशाची नाही. सबब पक्षी हलवण्यात यावा. चालक मात्र अनुभवी व प्रामाणिक असल्याने त्यास कामावर ठेवावे. हे शेवटचं वाक्य लिहिताना मला माझा फार अभिमान वाटला होता. माणूस वाचवला, पाखराला घालवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात, तसं.

डोमाजींना मी अहवाल वाचून दाखवला. त्यांनी मान हलवली. दुपारी आम्ही तलावाच्या पाळीवर, बांधावर, भाकरी खायला बसलो तेव्हा त्यांनी आपण होऊन खाणीची गोष्ट काढली. पहिली आणि शेवटची.

खाणीत एका बंद केलेल्या भागात आग धुमसत होती. आत जाणाऱ्या टोळीच्या पुढे पिंजरा घेऊन चालायचं काम डोमाजींकडे होतं. तीन दिवस पाखरू रोज कलंडलं, तीन दिवस टोळी परत फिरली, आणि तिन्ही वेळा काही निघालं नाही. बाकीचे चिडवायला लागले, कोष्टी भ्याला म्हणून. "चवथ्या दिवशी पाखरू पडलं. मी बोटानं टोचून पाह्यलं. सुखदेव म्हणे, काय झालं गा? मी म्हटलं, काई नाई, झोपलं असन. सुखदेव माह्याच गावचा. मले म्हणे मी पाहून येतो. वीस पावलं गेला अन् खाली बसला. तसाच बसून राह्यला."

मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला.

"मंग चौकशी झाली. साहेबानं विचारलं, पाखरानं इशारा देल्ला होता का? मी म्हटलं, नाई देल्ला. पाखरू बिमार होतं." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. "तुमी आज लिवलं ना साहेब, तेच मीबी लिवून देल्लं होतं. खाली अंगठा लावला. तवापासून मी पाखराची गोष्ट खोटी पाडत नाई. माहा त्याच्यावर भरोसा हाये. माह्यावर नाई."

ते हे तक्रार म्हणून बोलले नव्हते, म्हणून मला ते जास्त लागलं. पण अहवाल गेला होता, आणि गेलेला अहवाल परत मागवण्याइतकी माझी छाती नव्हती. शनिवारी ते पिंजरा रुमालात गुंडाळून उमरेडला घेऊन गेले.

सोमवारी आले ते नेहमीसारखे पांढरे होऊन, रिकाम्या हाताने. काम सुरू झालं. फरक एकच पडला. घाट सोडून लाँच मार्गी लागली की ते चाक भाऊरावाच्या हाती देत आणि मागे जाऊन बसत. पिंजरा जिथे टांगलेला असायचा त्याच कोपऱ्यात, दाराकडे पाठ करून. मला वाटलं, रुसले. कामचुकारपणाही वाटला. मी ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला थंडी परत आली. त्या दिवशी झडपा घट्ट लावलेल्या, मागचं दार नेहमीप्रमाणे बांधून उघडं ठेवलेलं. आम्ही तलावाच्या लांबच्या टोकाकडे चाललो होतो, तासाभराची वाट. मी पुढे, भाऊरावाशेजारी, आदल्या दिवशीचे आकडे उतरवत होतो. डोकं दुखत होतं. भाऊरावाने मागे वळून पाहिलं आणि हसला. "साहेब, पाखरू पडलं."

डोमाजी बाकावरून अर्धे घसरले होते. टोपी खाली, हनुवटी छातीवर, ओठ थोडे उघडे.

मला वाटलं नाटक आहे. खरं सांगतो, मला तेच वाटलं. पाखरू नेलं म्हणून आता स्वतः पडून दाखवतायत. मी वहीत परत डोकं घातलं आणि म्हणालो, "झोपले असतील."

हे शब्द माझ्या तोंडून गेले आणि मग माझ्या कानांनी ऐकले. पेन्सिल हातातून पडली. उठताना माझेही गुडघे लुळे पडले होते. भाऊरावाला ओरडून इंजिन बंद करायला लावलं, लाथेने झडपा उघडल्या, आणि आम्ही दोघांनी त्यांना काखेत धरून पुढच्या फळीवर ओढलं. त्यांचे गाल गुलाबी दिसत होते, आजारी माणसाचे असतात तसे पांढरे नाहीत. मी त्यांच्या नावाने हाका मारत राहिलो. किती वेळ, ते सांगता येणार नाही. त्यांनी डोळे उघडले तेव्हा पहिलं वाक्य पुटपुटले ते हे, "सगळे बाहेर हावो ना?"

मग मला कळलं की रुसून नव्हे, कामचुकारपणाने नव्हे, ते त्या कोपऱ्यात पाखराच्या जागेवर बसत होते.

ते वाचले. पण हातांत कंप राहिला आणि बोलताना मधेच एखादा शब्द सापडेनासा झाला. डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून टॉनिक लिहून दिलं. लाँचची नोकरी आपोआप संपली. दोघांनाही उतरवण्याचा साहेबांचा हुकूम शेवटी पाळला गेला, माझ्या अहवालाच्या विरुद्ध जाऊन.

गॅस होता हे आता उघड होतं. पण कुठून? दार तर उघडं होतं. हे कोडं मला महिनाभर सुटलं नाही, आणि सुटलं ते रामटेकहून नागपूरला येताना. एसटीत जागा नव्हती म्हणून मी शेवटच्या बाकावर बसलो. शेजारचं दार, संकटकाळी बाहेर पडायचं, अर्धवट उघडं होतं. पुढच्या सगळ्या काचा धुळीमुळे बंद. आणि गाडी पुढे धावत होती तशी रस्त्यावरची धूळ मागच्या मागे उडून न जाता त्या दारातून भसाभसा आत येत होती. धावत्या गाडीच्या मागे पोकळी होते आणि ती मागचं सगळं आत ओढते. नागपूरला उतरलो तेव्हा माझ्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी भाऊरावाला लाँच चालवायला लावून मी मागे धुराच्या पाईपाजवळ उदबत्तीचा जुडगा धरला. झडपा बंद, दार उघडं. धूर एखाद्या पाळलेल्या जनावरासारखा वळला आणि दारातून सरळ कोपऱ्यात गेला, पिंजऱ्याच्या जागी. दार लावून झडपा उघडल्या तेव्हा आला नाही. बांधलेल्या लाँचवर तर वारा नेईल तिकडे धूर जात होता.

म्हणजे पाखरू खरं बोलत होतं. आणि गॅस आत येत होता तो डोमाजींनी हवेसाठी उघडलेल्या, न सुटणाऱ्या गाठीने बांधलेल्या त्या दारातून.

मी दुसरा अहवाल लिहिला. पहिला चुकीचा होता, चूक माझी होती, पक्ष्याची सूचना प्रत्येक महत्त्वाच्या वेळी खरी होती, आणि कारण मागचा दरवाजा. साहेबांनी त्यावर सही करून तो फाइलला लावला. मी त्याची प्रत घेऊन उमरेडला गेलो.

घरात मागाचा खटखटाट चालू होता. ओसरीवर पिंजरा, त्यात पाखरू. डोमाजी बाजेवर बसून होते, मला पाहून उठायला लागले. त्यांची बायको अनसूयाबाई चहा घेऊन आली. "बस वं तूबी," तिला ते म्हणाले, "साहेब कागद वाचून राहिले. पाखराचा कागद हाये."

मी वाचलं. पहिला अहवाल चुकीचा होता, ते वाचलं. पक्ष्याची सूचना खरी होती, तेही वाचलं. डोमाजींचे हात गुडघ्यावर थरथरत होते आणि डोळे पिंजऱ्यावर होते. चेहऱ्यावर असं काही आलं होतं की मला पुढची ओळ दिसेना. सुखदेवाच्या मरणाचं ओझं इतकी वर्षं वागवणाऱ्या माणसाला, त्या दारातून गॅस तुम्हीच आत घेतलात, हे मी वाचणार होतो. मी कागदाकडे पाहत म्हणालो, "कारण, धुराच्या पाईपाला आतून भेग गेलेली होती."

"पाईप कोणं पाह्यला?"

"मीच."

"हं." त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तीच जुनी नजर, डॉक्टरच्या तोंडाकडे पाहायचे तशी. मी कागदाची घडी घातली. ते फक्त एवढंच म्हणाले, "पाखरू खरं होतं ना पर?"

"खरं होतं."

"मंग झालं."

मी नको म्हणत असताना ते मला स्टँडपर्यंत पोचवायला आले. गाडी भरत आली होती. शेवटचा बाक तेवढा मोकळा दिसला म्हणून मी मागे जाऊन बसलो. डोमाजी माझ्यामागून वर चढले. पुढच्या बाकावरच्या एका पोराला त्यांनी थोडं सरकायला लावलं आणि परत येऊन माझ्या दंडाला धरलं.

"म्हागं नोका बसू साहेब," ते म्हणाले. "सगळी धूळ म्हागूनच येते. मलेबी लय उशिरा समजलं."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "अन् तो पाईप तेवढा बदलवून घ्या," ते म्हणाले, अगदी गंभीरपणे, आणि मला पुढे ढकललं.

गाडी सुरू होताना मी मान वळवली. डोमाजी खाली उतरून गाडीच्या मागे गेले होते. संकटकाळी बाहेर पडायचं दार नेहमीसारखं लोंबकळत होतं. थरथरत्या दोन्ही हातांनी त्यांनी ते ओढून घेतलं, एकदा नाही बसलं, दुसऱ्यांदा नाही बसलं, मग खांदा लावून दाबलं आणि कडी बसल्याचा आवाज आला. त्या माणसाला एखादं दार लावताना मी तेवढं एकदाच पाहिलं.